लोंबता बेस

गल्लीत तिला सगळे ‘फ्यूज’ म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? गिऱ्हाइकाने “झालं का हो?” असं दुसऱ्यांदा विचारलं की तिचं डोकं तापायचं. तिसऱ्यांदा विचारलं की यंत्र होतं तसं त्याच्या हातात परत, वर “घ्या, तुमचं तुम्हीच करा” हा आहेर. घरात मात्र तिचं नाव छोटी. वय पंचावन्न, गुडघे कुरकुरणारे, एका चष्म्यावर दुसरा, भिंगाचा चष्मा. पण थोरल्या भावाने लहानपणी छोटी म्हटलं ते म्हटलं. पुढे वहिनी घरात आली, तिनेही तेच उचललं.

रस्त्याकडच्या खोलीत दोघा भावंडांचं दुरुस्तीचं काम चाले. लाउडस्पीकरचे अँप्लिफायर, कानातली ऐकायची यंत्रं, कोणाच्या आजोबांचा रेडिओ, जे येईल ते. दादाचं टेबल लोखंडी, लाँड्रीच्या सामाईक भिंतीत बोल्टांनी पक्कं केलेलं. छोटीचं लाकडी, समोरच्या भिंतीला. दोघांची तोंडं आपापल्या भिंतीकडे आणि पाठीला पाठ. चाळीस वर्षं ती माणसं अशी बसली. एकमेकांची तोंडं त्यांनी जेवताना पाहिली असतील तेवढीच.

छोटी अकरा वर्षांची असताना दादाने तिच्या तळहातावर पहिला ट्रान्झिस्टर ठेवला होता. काळ्या मुगाएवढा, तीन पायांचा.

“हा एमिटर, हा कलेक्टर, आणि मधला हा बेस,” तो म्हणाला. “मोठा करंट या टोकाच्या दोन पायांतून जायला टपून बसलेला असतो. पण मध्ये बेसचा पातळ पापुद्रा आहे. तो अडवून धरतो. बेसला इवलासा करंट दिलास की वाट उघडते आणि त्याच्या शंभरपट करंट पलीकडे जातो.”

“म्हणजे बेस करंट वाढवतो?”

“अजिबात नाही. वाढवायला त्याच्या बापाने ठेवलाय? मोठा करंट बॅटरीतलाच. बेस फक्त ‘जा’ म्हणतो. नळाची चावी पाणी तयार करते का? तसंच.”

छोटीने बराच वेळ त्या मुगाकडे पाहिलं. आत काहीही हलत नव्हतं. ना चाक, ना पातं. शुद्ध सिलिकॉनमध्ये चिमूटभर भेसळ केलेली, एका थरात एक, दुसऱ्यात दुसरी. त्या भेसळीमुळेच त्याच्या अंगात आल्यासारखं होतं, असं दादा म्हणे. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती पुढे जन्मभर विसरली नाही.

“आणि बेसला कोणी काहीच सांगितलं नाही तर? नुसताच सोडून दिला तर?”

दादा हसला नाही. “बेस कधी लोंबता ठेवू नये, छोटी. लोंबता बेस मग कोणाचंही ऐकतो. हवेतलं, भिंतीतलं, जवळून जाणाऱ्या माणसाच्या अंगातलं. त्याला रेझिस्टर लावून जमिनीला बांधायचा. म्हणजे खरी हाक आल्याशिवाय तो दार उघडत नाही.”

चार वर्षांपूर्वी दादाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पाठीला पाठ लावून बसणाऱ्या माणसाचा आवाज गेला तर त्याने हाक मारायची कशी? दादाने दोन दिवसांत तोड काढली. आपल्या टेबलाच्या कडेला पितळेचे दोन स्क्रू शेजारी शेजारी बसवले. त्यांच्यावर बोट टेकवलं की बोटाच्या ओलाव्यातून न कळण्याएवढा करंट बेसला जायचा, पाठोपाठ जोडलेले दोन ट्रान्झिस्टर उघडायचे, आणि छोटीच्या टेबलावरचा छोटा लाल दिवा लागायचा. सगळं चौकोनी बॅटरीवर. एकदा लागला तर चहा. दोनदा लागला तर इकडे ये. तीनदा लागला तर तू चुकते आहेस. हा तिसरा इशारा फार वापरला जाई. छोटी एखाद्या यंत्राला नको तो भाग लावायला निघाली की पाठीमागे न बघताच त्याला कसं कळायचं देव जाणे, पण दिवा तीनदा लुकलुकायचा आणि छोटी चिडून म्हणायची, “कळलं, कळलं!”

बेसला बांधायचा रेझिस्टर मात्र त्याने लावला नव्हता. बोट जरा हलकं टेकलं तरी दिवा लागावा म्हणून. शेवटी शेवटी त्याच्या बोटात फारसा जोर राहिला नव्हता.

तो गेला त्या दुपारी तीनला दिवा लागला. छोटी एका कानातल्या यंत्रात केसासारखी तार कथलाचा डाग देऊन बसवत होती. “थांब रे, आले,” ती म्हणाली. दिवा विझला नाही. “अरे, थांब की जरा! हात अडकलाय माझा.” दिवा तसाच. आता हा मुद्दाम छळतोय, असं वाटून तिने हट्टाने ते काम पुरं केलं. दहा मिनिटं लागली. मग ती वळली. दादा टेबलावर डोकं टेकून बसला होता आणि त्याचं बोट दोन्ही स्क्रूंवर तसंच पडलेलं होतं. बेसला काय ठाऊक बोट कोणाचं आहे आणि कसं आहे. तो ‘जा’ म्हणत राहिला होता.

ती दहा मिनिटं छोटीने कोणाला सांगितली नाहीत. वहिनीला तर नाहीच.

वहिनीने त्यानंतर जेवण जवळपास सोडलं. हट्ट नाही, आकांत नाही. ताट समोर यायचं, ती दोन घास खायची, आणि ताट सरकवायची. “भूकच लागत नाही गं,” एवढंच. मुळात गुबगुबीत बाई, दोन महिन्यांत बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर येऊन गेले. दारात चपला घालताना छोटीला हळूच म्हणाले, “आजार काही नाही. पण असंच चाललं तर मला पुन्हा बोलावायची वेळ यायची नाही. काहीही करा आणि त्यांना जेवायला लावा.”

छोटीने काहीही केलं. रागावून पाहिलं, रडून पाहिलं, स्वतः उपाशी राहून पाहिलं. बिघडलेली शेकडो यंत्रं तिने बोलती केली होती, आणि घरातल्या एका माणसाला घास गिळायला लावणं तिला जमेना.

अशात एका दुपारी, तीनला, लाल दिवा लागला.

“आले रे,” छोटी म्हणाली. चार वर्षांची सवय, तोंडातून गेलंच. आणि मग तिला आठवलं. वळायला तिला फार वेळ लागला. स्टूल रिकामं होतं. स्क्रूंवर काही नव्हतं, साधी माशीसुद्धा नाही. दिवा मंद जळत होता, कोणीतरी अगदी हलकं बोट टेकवून ठेवावं तसा. चाळीस मिनिटांनी तो विझला.

दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा. तिसऱ्या दिवशी वहिनी काहीतरी विचारायला खोलीत आली आणि दाराशीच थबकली. तिने दिव्याकडे पाहिलं, रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. आत गेली, आपलं ताट वाढून घेऊन आली, दादाच्या स्टुलावर बसली आणि जेवली. पुरं जेवली.

छोटीला हसावं की रडावं कळेना. पण ती कारागीर होती. भुताबितावर तिचा विश्वास नव्हता. लोंबत्या बेसवर मात्र पुरेपूर होता. दोन दिवसांत तिने छडा लावलाही. शेजारच्या लाँड्रीत महिन्यापूर्वी नवीन मोठं मशीन आलं होतं, ते या आठवड्यापासून दुपारी तीनला सुरू व्हायचं. मोटारीची गुणगुण, बस. हवेतून आली, बेसने ऐकली, दिवा लागला. सुटलं कोडं.

तिने वहिनीला ते नीट समजावून सांगितलं, कागदावर तीन पाय काढून.

वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे हा बेस कोणाचंही ऐकतो.”

“हो.”

“मग ह्यांचं ऐकत नाही कशावरून?”

छोटीने कागदावरच्या तीन पायांकडे पाहिलं. याचं उत्तर कुठल्याही सर्किटमध्ये नव्हतं. आणि खरं सांगायचं तर वहिनीच्या गालांवर पुन्हा रंग येत होता. जे चाललंय ते चालू दे, म्हणून तिने कागद चुरगळून टाकला. मीटर लावून बघायला हवं होतं; पण त्यासाठी दादाच्या टेबलावरचं सामान हलवावं लागलं असतं. त्याचा चष्मा तिथे घडी न घालता पडला होता. त्याला हात लावायचं तिच्या जिवावर येई.

पुढचे पंधरा दिवस रोज तीनला वहिनी यायची, जेवायची आणि बोलायची. छोटीची तिच्याकडे पाठ. पाठीमागे चाललेलं ते बोलणं ऐकणं फार अवघड होतं. “पाण्याचा पाइप पुन्हा गळतोय हो,” वहिनी म्हणायची आणि थांबायची. बरोबर उत्तराएवढं थांबायची. “नाही, तो नाही, मागचा.” पुन्हा थांबायची. आणि त्या थांबण्यात छोटीच्या नाकासमोरचा लाल दिवा किंचित वाढायचा, किंचित कमी व्हायचा. मोटारीवरचा भार बदलतो, छोटी स्वतःला सांगायची. कपडे ओले असतात, ड्रम जड होतो. बरोबरच होतं ते. तरी तेवढा वेळ ती डाग देणं थांबवायची.

एक गोष्ट मात्र तिला कळत होती आणि ती कळून घेत नव्हती. दिवा दिवसेंदिवस जास्त उजळ होत चालला होता.

सोळाव्या की सतराव्या दिवशी वहिनी म्हणाली, “आज खोली पुसून काढते. किती धूळ झालीय ह्यांच्या टेबलावर.” कित्येक महिन्यांनी तिने आपण होऊन काम काढलं होतं. छोटीचा जीव भांड्यात पडला. “पुसा, पुसा,” म्हणून ती एका अँप्लिफायरमध्ये डोकं घालून बसली. मागे बादलीचा आवाज, फडकं पिळल्याचा आवाज, अनवाणी पावलांची चपचप.

तीन वाजले. दिवा लागला, विझला. लागला, विझला. लागला, विझला.

छोटीचा हात जागच्या जागी थांबला. इतक्या दिवसांत तो कधी लुकलुकला नव्हता. लागायचा तो लागूनच राहायचा. थोडा वेळ गेला. पुन्हा तीनदा. तू चुकते आहेस.

“कुठे चुकतेय?” ती पुटपुटली. हातातल्या कामाकडे पाहिलं. सगळं जागेवर होतं. भाग बरोबर, तारा बरोबर. दिवा तिसऱ्यांदा तीनदा लागला, इतका लख्ख की तिच्या बोटांवर लाल उजेड पडला. आणि एवढा मोठा उजेड हवेतल्या गुणगुणीने पडत नाही, हे त्या क्षणी तिला कळलं. करंट कुठूनही असा उगवत नाही. आला म्हणजे त्याला वाट मिळालीय. पंधरा दिवस तिने त्याला ‘गुणगुण’ असं नुसतं नाव दिलं होतं, वाट शोधली नव्हती.

ती गर्रकन वळली. फरशीवर पाण्याचा थर. त्यात वहिनी अनवाणी, पावलं निथळत असलेली. मागची भिंत लाँड्रीच्या ओलीने छतापासून बोल्टांपर्यंत काळी पडलेली. आणि वहिनीचा ओला हात टेबलाच्या लोखंडी कडेकडे निघालेला.

“वहिनी, हात मागे!”

“अगं, हे बोलावताहेत,” वहिनी म्हणाली, हसून, न वळता.

छोटीला आपण काय केलं ते नंतर आठवेना. आपलं लाकडी स्टूल तिने उचललं असणार, कारण ते मधोमध मोडलेलं सापडलं. त्याचा फटका वहिनीच्या हातावर बसला, वहिनी कोलमडली आणि बादली उलटली. टेबल आणि वहिनीचं बोट यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. वहिनी मनगट धरून रडत होती, आणि फ्यूज, जिला गल्ली टरकून असायची, रबरी चपला घालून मीटरची एक तार टेबलाला आणि दुसरी ओल्या फरशीला लावत होती. काटा सर्रकन वर गेला. एकशे ऐंशी व्होल्ट.

वायरमन आला, त्याने लाँड्रीतून भिंत फोडली. मशीनची वायर भिंतीतल्या ओलीने कुजली होती. मशीन सुरू झालं की करंट ओलीत उतरायचा, ओलीतून बोल्टांत, बोल्टांतून टेबलात. सुरुवातीला इतका नखभर की मीटरनेही दाद दिली नसती. बेसने तेव्हाच ऐकलं होतं. “तुटक्या वायरीत ठिणग्या पडत होत्या,” वायरमन म्हणाला. “म्हणून दिवा लुकलुकला असेल.”

“तीन-तीनदा?” छोटीने विचारलं.

“कितीदाही,” वायरमन म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून सामान आवरायला लागला.

नवी वायर पडली. टेबल भिंतीपासून सुटं झालं. छोटीने दादाचा चष्मा घडी घालून खोक्यात ठेवला आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: बेसला रेझिस्टर लावून बांधून टाकला. आता बोटाशिवाय तो कोणाचं ऐकणार नव्हता. डाग देताना तिला आपण कोणाच्या तरी तोंडावर हात ठेवतोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीनला दिवा लागला नाही. वहिनी ताट घेऊन स्टुलावर बसली होती. साडेतीन झाले, चार झाले. तिने ताट तसंच आत नेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. आणि छोटीला डॉक्टरांचं दारातलं वाक्य चपलांच्या आवाजासकट ऐकू यायला लागलं.

मग तिने ते केलं, जे सर्किटच्या बाबतीत जन्मात केलं नव्हतं. ती खोटं बोलली. आपल्या लाकडी टेबलाच्या खालच्या बाजूला, गुडघ्यांपाशी, तिने पितळेचे आणखी दोन स्क्रू बसवले आणि तार दादाच्या बेसपर्यंत नेली. तीनला बोट टेकवलं. “वहिनी,” ती शक्य तेवढ्या साध्या आवाजात ओरडली, “दिवा लागलाय.” वहिनी आली. दिवा पाहिला. जेवली.

महिनाभर हे चाललं. दुपारी तीनला सगळं काम टाकायचं, टेबलाखाली बोट धरून बसायचं, आणि पाठीमागचं बोलणं ऐकायचं. वहिनी थांबे तिथे छोटी बोट जरा दाबायची, जरा सैल सोडायची. कधी कधी तिला वाटे, दादाच्या जागी आता मीच गेलेली आहे आणि वहिनी माझ्याशी बोलतेय. तरी तिने बोट काढलं नाही. एकदा दहा मिनिटं उशीर केला होता; आता करणार नव्हती.

आणि नेमका उशीर झाला. गावाबाहेरच्या सभागृहात अँप्लिफायर बसवायला ती सकाळीच गेली होती. एकला परतायचं, असा हिशोब. टेम्पो बंद पडला. तीन वाजले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती, रिकामं बोट अंगठ्यावर घासत. पावणेपाचला ती धापा टाकत घरात शिरली. वहिनी दादाच्या स्टुलावर बसली होती. पुढ्यात ताट. चाटूनपुसून रिकामं.

“आलीस?” वहिनी म्हणाली. “तीनला हाक आली. जेवून घेतलं.”

छोटी दारातच उभी राहिली. सकाळी मीटरची बॅटरी संपली होती म्हणून तिने दिव्याची बॅटरी काढून मीटरमध्ये घातली होती. मीटर तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होता. तिकडे दोन तारांची टोकं उघडी लोंबत होती. बॅटरीच नाही तर करंट नाही. करंट नाही तर बेसने शंभरदा ‘जा’ म्हटलं तरी जाणार काय?

“दिवा,” तिने विचारलं, “दिवा लागला होता?”

“दिवा कसा लागेल? बॅटरी तुझ्या पिशवीत आहे,” वहिनी म्हणाली. “सकाळी काढताना पाहिलं की मी. आणि तुझं ते टेबलाखालचं बोटही पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. हे असं घाईत बोट उचलत नसत. तू जन्माची घाईची.”

“मग रोज कशाला येत होतात?”

“तू हाक मारत होतीस ना? म्हणून येत होते. म्हटलं, हिला तेवढंच बरं वाटतंय.”

छोटीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तिने विचारलं, “मग आज तीनला कोणाची हाक आली?”

वहिनीने रिकाम्या ताटाकडे पाहिलं, जरा लाजल्यासारखी. “भूक लागली गं मला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. आधी कळेचना काय होतंय.”

छोटी तिच्यासमोर खाली बसली आणि रडली. आणि रडता रडता तिने ती दहा मिनिटं सांगितली. दिवा कसा जळत होता, ती ‘थांब रे’ कशी म्हणाली, हातातलं काम कसं हट्टाने पुरं केलं. वहिनी ऐकत राहिली. रागावली नाही. उठली आणि छोटीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

मग छोटीने नाक पुसलं, मीटरमधून बॅटरी काढली आणि दिव्याला परत जोडली. टेबलाखालच्या दोन स्क्रूंची तार कापून टाकली. दादाच्या टेबलावरचे स्क्रू राहू दिले. दिवा लागला नाही. लागायचं काही कारणही नव्हतं.

“चहा टाकते,” वहिनी म्हणाली आणि आत गेली. छोटी आपल्या टेबलाशी, नेहमीसारखी पाठ करून बसली. आतून कपांचा आवाज आला, आणि तेव्हाच दिवा लागला. एकदा.

छोटीने वळून पाहिलं नाही. “आले रे,” ती म्हणाली, आणि हातातलं काम तिथेच टाकून लगेच उठली.